३१४ अक्षरांची कलाटणी

आईला दोन वर्षांत चौथ्यांदा लघवीचा संसर्ग झाला, तेव्हा तिने रिपोर्ट माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "तू याच जंतूंवर काम करतेस ना? मग मला सांग, गोळ्यांचा कोर्स मी दर वेळी पूर्ण करते, तरी हे परत परत का येतं?"

रिपोर्टवर नेहमीचा मजकूर होता. ई. कोलाय, दर मिलिलिटरमागे एक लाखापेक्षा जास्त, आणि खाली कोणतं प्रतिजैविक लागू पडेल, कोणतं नाही, याची यादी. गेली अकरा वर्षं मी ई. कोलायच्या अंगावरच्या लवीचा अभ्यास करतेय, तरी त्या दिवशी माझ्याकडून तिला नीट उत्तर दिलं गेलं नाही. "ते आतल्या भिंतीला चिकटून राहतात गं," एवढंच म्हणाले. तिने लगेच विचारलं, "चिकटतात म्हणजे कशाने?" आणि जरा थांबून, "आणि चिकटलेलेच असतात तर मग लघवीत कसे सापडतात?"

तिचा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा फार मोठा आहे. तिच्यासाठी म्हणून जे लिहून काढायला बसले, तेच इथे टाकतेय.

आधी कशाने चिकटतात ते. ई. कोलायची एक पेशी साधारण दोन मायक्रोमीटर लांब. तिच्या सगळ्या अंगावर बारीक ताठ लव असते, एका पेशीवर काहीशे तंतू. प्रत्येक तंतू एक-दोन मायक्रोमीटर लांब, म्हणजे जवळजवळ पेशीइतकाच, पण जाडी फक्त सात नॅनोमीटर. साध्या सूक्ष्मदर्शकातून यातलं काही दिसत नाही, त्याला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकच लागतो. ड्युगिड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ मध्ये या तंतूंना 'फिम्ब्री' म्हटलं, थोड्याच वर्षांत ब्रिंटन यांनी 'पिली' हा शब्द आणला, आणि दोन्ही नावं टिकली. आमच्या लॅबमध्ये एकाच वाक्यात दोन्ही ऐकू येतात. पोहण्यासाठी असतात त्या शेपट्या वेगळ्या. या लवीचं काम फक्त धरून ठेवण्याचं.

धरण्याचं काम करतं ते तंतूच्या अगदी टोकावरचं एकच प्रथिन, फिम-एच. बाकी सगळा तंतू म्हणजे फिम-ए या प्रथिनाचे हजारभर किंवा त्याहून जास्त मणी एकापुढे एक गुंफलेले. फिम-एचला एका छोट्याशा खोबणीत मॅनोज ही शर्करा बसते, आणि मूत्राशयाच्या आतल्या पेशींवर युरोप्लाकिन नावाची जी प्रथिनं पसरलेली असतात, त्यांच्यावर नेमकी मॅनोजची टोकं असतात.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. लघवीच्या प्रवाहाने हे जिवाणू धुऊन जायला हवेत असं आपल्याला वाटतं. ओढ वाढली की पकड सुटते, हा आपला रोजचा अनुभव. २००२ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातल्या गटाने दाखवलं की फिम-एचच्या बाबतीत हे उलट आहे. प्रवाह वाढला की पकड आणखी घट्ट होते. सरफास जसा ओढाल तितका आवळतो, तसंच. टोकावरच्या प्रथिनाचे दोन भाग आहेत. ओढ बसली की ते एकमेकांपासून जरा दूर होतात आणि त्यामुळे खोबणी मॅनोजभोवती घट्ट मिटते. ओढ नसेल तेव्हा पकड सैल असते आणि जिवाणू भिंतीवरून थोडा थोडा सरकू शकतो. शिवाय मण्यांची ती माळ मुळात स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते. जोराचा झटका आला की ती उलगडते, झटका स्वतःवर घेते, आणि टोक सुटत नाही. हे पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मी बराच वेळ जागी होते.

आता जनुकांकडे. हा सगळा सरंजाम बांधणारी जनुकं डीएनएवर एका रांगेत आहेत आणि त्यांना मिळून 'फिम' म्हणतात. फिम-ए हा मणी, फिम-एच हे टोक, फिम-एफ आणि फिम-जी मधले जोड, फिम-सी हा सोबती आणि फिम-डी हे बाहेरच्या पटलातलं दार. सोबती लागतो, कारण सुटा मणी अपुरा असतो. त्याच्या घडीतली एक पट्टी कमी असते, तिथे उघडी फट राहते, आणि एकटा सोडला तर तो लगेच खराब होतो. फिम-सी स्वतःची पट्टी त्या फटीत घालून त्याला सांभाळत दारापर्यंत नेतो. दारात पुढच्या मण्याचं शेपूट त्या फटीत शिरतं आणि सोबत्याची पट्टी बाहेर पडते. म्हणजे प्रत्येक मणी आपल्या आधीच्या मण्याची उणीव भरून काढतो. सगळ्यांत आधी टोक बाहेर जातं, मग जोड, मग मण्यांमागून मणी. माळ मुळाशी वाढत राहते आणि टोक पुढे पुढे सरकत जातं.

आणि या रांगेच्या तोंडाशी आहे तो तुकडा, ज्याच्यावर माझी अकरा वर्षं गेली. डीएनएच्या फक्त ३१४ अक्षर-जोड्यांचा. जनुक वाचायला कुठून सुरुवात करायची हे सांगणारा भाग, म्हणजे प्रमोटर, या तुकड्यात आहे. तुकड्याच्या दोन्ही टोकांना नऊ अक्षरांचा एकच मजकूर आहे, पण एका टोकाला सुलटा आणि दुसऱ्या टोकाला उलटा. त्यामुळे हा सगळा तुकडा कापून, फिरवून, पुन्हा त्याच जागी जोडता येतो. एकही अक्षर हरवत नाही, एकही वाढत नाही. प्रमोटरचं तोंड फिम-एकडे असलं की लव उगवते. तुकडा फिरला की प्रमोटर विरुद्ध दिशेला बघतो, वाचन होत नाही, आणि पेशी गुळगुळीत राहते. पेशींमधली ही अदलाबदल जनुक वाचण्याच्या पातळीवर होते हे आयझेनस्टाइन यांनी १९८१ मध्ये दाखवलं, आणि १९८५ मध्ये हा उलटणारा तुकडा हाती लागला.

फिरवणारी प्रथिनं दोन, फिम-बी आणि फिम-ई. फिम-बी दोन्ही दिशांना फिरवतं, पण सावकाश. प्रयोगशाळेतल्या वाणात दर पिढीला हजारात एखाद्या पेशीत. फिम-ई जवळपास एकाच दिशेने काम करतं, चालूकडून बंदकडे, आणि ते फार वेगाने. योग्य परिस्थितीत एका पिढीत दहातल्या तिघींपर्यंत पेशी ते बंद करून टाकू शकतं. यातली मला सगळ्यांत आवडणारी गोष्ट अशी, की फिम-ईच्या जनुकावरून निघणारा संदेश, म्हणजे त्याचा आरएनए, तुकडा चालू दिशेला असतानाच नीट टिकतो. तुकडा बंद असला की तो संदेश अर्ध्यातच खुडला जातो. म्हणजे लव उगवण्याच्या स्थितीतच तिला मिटवणारं प्रथिन तयार होत असतं.

मी नवीन होते तेव्हाची गोष्ट. एका रुग्णाच्या लघवीतून वाढवलेला वाण माझ्याकडे आला होता. पीसीआर केला, म्हणजे डीएनएच्या हव्या त्या भागाच्या भरपूर प्रती काढल्या, फिम-एच जनुक आहे. क्रम वाचून घेतला, एकही चूक नाही. मग यीस्टची परीक्षा. ही परीक्षा इतकी साधी आहे की तिला यंत्र लागत नाही. यीस्टच्या पेशींवर मॅनोज भरपूर असतं. काचेच्या स्लाइडवर यीस्टचा दुधट थेंब ठेवायचा, त्यात जिवाणूंचा थेंब मिसळायचा आणि स्लाइड हातात धरून हळूहळू डोलवायची. लव असेल तर दुधट थेंब बघता बघता रवाळ होतो, गुठळ्या वेगळ्या होतात आणि मधलं पाणी स्वच्छ दिसू लागतं. शेजारच्या थेंबात थोडं मॅनोज घालून ठेवायचं. तिथे फिम-एचच्या खोबण्या आधीच भरलेल्या असतात, म्हणून तो थेंब दुधटच राहतो. दोन थेंबांतला फरक म्हणजे लवीची साक्ष.

माझे दोन्ही थेंब दुधट राहिले. पुन्हा केलं, पुन्हा तेच. तीन आठवडे मी त्या वाणात दोष शोधत होते. सोबत्याचं जनुक तपासलं, दाराचं तपासलं, यीस्ट बदललं. वहीत लिहून टाकलं होतं, 'जनुक आहे, पण निकामी.' आमच्या मॅडमनी वही चाळली आणि एकच प्रश्न विचारला, "ब्रॉथ शेकरवर ठेवला होतास की स्थिर?" ब्रॉथ म्हणजे जिवाणू वाढवायचा द्रव, शेकर म्हणजे तो सतत हलवत ठेवणारं यंत्र.

शेकरवर. लवकर वाढावं म्हणून मी सगळं शेकरवरच वाढवत होते.

"स्थिर ठेव. अठ्ठेचाळीस तास. मग त्यातला थोडा नव्या ब्रॉथमध्ये घाल आणि पुन्हा अठ्ठेचाळीस तास. हात लावू नकोस."

चौथ्या दिवशी फ्लास्क उचलला तर ब्रॉथच्या पृष्ठभागावर पातळ साय धरल्यासारखा पडदा होता. स्थिर द्रवात प्राणवायू वरच्या थराला असतो. लव असलेल्या पेशी एकमेकींना धरून तिथे थर करतात, त्यांना हवा मिळते, त्या जास्त वाढतात आणि काही दिवसांत त्यांचाच भरणा होतो. शेकरवर हवा सगळ्यांना सारखी मिळते, तिथे लवीचा काहीच फायदा नसतो. त्या पडद्याखालचा एक थेंब मी स्लाइडवर घेतला. डोलवायला लागले आणि मनात दहा मोजायच्या आत गुठळ्या झाल्या. शेजारचा मॅनोजचा थेंब मात्र तसाच दुधट. तोच वाण, तेच जनुक, डीएनएची तीच अक्षरं, फक्त ३१४ जोड्यांचं तोंड फिरलेलं. वहीतलं ते वाक्य मी खोडलं नाही. त्याच्यासमोर तारीख घालून लिहिलं, 'जनुक निकामी नाही, उलट दिशेला आहे.'

तेव्हापासून, एखाद्या वाणात अमुक जनुक आहे म्हणून तो घातक, असं कुणी म्हटलं की मला राहवत नाही. फिम जनुकं बहुतेक सगळ्या ई. कोलायमध्ये असतात, आतड्यात निरुपद्रवीपणे राहणाऱ्यांमध्येसुद्धा. ती आहेत का, या प्रश्नातून फारसं काही हाती लागत नाही. कुठल्या पेशीत, कुठल्या घडीला, कुठल्या दिशेला, हे विचारायला लागतं. एका संशोधन गटाने सीएफटी०७३ या रुग्णातून मिळालेल्या वाणात टोकांच्या नऊ अक्षरांत बदल करून तुकडा कायमचा अडकवून ठेवला, एका वाणात चालू, एका वाणात बंद. उंदरांमध्ये बंद अडकवलेला वाण मूत्राशयात नीट बस्तान बसवू शकला नाही. त्याच्याकडे फिमची सगळी जनुकं होती.

मग जिवाणू लव कायम का ठेवत नाही? कारण लव म्हणजे ओळखीची खूणही आहे. आपल्या भक्षक पेशीही याच लवीला धरून जिवाणू गिळतात. आणि जिवाणूला याचा सुगावा लागतो, तोही शर्करांवरून. शरीराच्या पेशींवरची सियालिक आम्ल आणि एन-असेटिलग्लुकोसामाइन ही द्रव्यं आसपास वाढली की नॅन-आर आणि नॅग-सी ही दोन प्रथिनं फिम-बीच्या जनुकावरची आपली जागा सोडतात. फिम-बी कमी तयार होतं, आणि बंद झालेल्या पेशी पुन्हा चालू होण्याचं प्रमाण घटतं. ब्लूमफील्ड यांच्या गटाचं हे काम आहे. हल्ल्याची चाहूल लागताच लव आवरून घेण्याची सोय, असा त्याचा अर्थ लावला जातो आणि मला तो पटतो. तरी सगळ्या पेशी एकदम कधीच फिरत नाहीत. काही लवीच्या, काही गुळगुळीत, अशी सरमिसळ नेहमीच राहते. सगळ्यांचं एकाच वेळी वाटोळं होऊ नये याची तजवीज त्या सरमिसळीतच आहे.

हेच जिवाणू मूत्रपिंडापर्यंत चढतात तेव्हा दुसऱ्या प्रकारची लव कामाला येते. ती 'पॅप' जनुकांची. ती मॅनोज धरत नाही, मूत्रपिंडाच्या पेशींवरच्या दोन गॅलॅक्टोजच्या जोडीला धरते. तिथे तुकडा वगैरे काही फिरत नाही. डीएनएवर 'जीएटीसी' अशी अक्षरं असलेल्या दोन जागा आहेत. त्यांच्यावर मिथाइलची छोटीशी खूण असते किंवा नसते, आणि त्यावरून एलआरपी हे प्रथिन कुठल्या जागेवर बसायचं ते ठरतं. एका जागी बसलं तर लव बंद, दुसऱ्या जागी बसलं तर चालू. डीएनएची नक्कल होते तेव्हा नव्या धाग्यावर अजून खूण उमटलेली नसते. त्या थोड्याशा वेळात स्थिती पालटू शकते, नंतर ती लेक-पेशीकडे तशीच जाते. आणि पॅपच्या रांगेतलं पॅप-बी हे प्रथिन फिमच्या तुकड्यावरही हात ठेवतं. ते फिम-बीला रोखतं, फिम-ईला जोर देतं. एक लव उगवत असताना दुसरी मिटवली जाते.

इतर रोगजंतूंचे मार्ग आणखी वेगळे. गोनोऱ्हियाचा जिवाणू तर लवीचा मणीच बदलत राहतो. त्याच्याकडे मण्याचं एक चालू जनुक असतं आणि बाजूला बऱ्याच मुक्या, अपुऱ्या प्रती. त्यांच्यातले तुकडे चालू जनुकात येऊन बसतात आणि आपल्या प्रतिकारशक्तीने ओळखलेला चेहरा निघून जातो. पटकीच्या जिवाणूत लव आणि विष यांची सूत्रं एकाच नियंत्रणाखाली आहेत. शिवाय विषाचं जनुक आणणारा विषाणू त्याच लवीला धरून आत शिरतो, हे वॉल्डोर आणि मेकालानोस यांनी १९९६ मध्ये दाखवलं. त्यावर कधीतरी स्वतंत्र लिहीन.

आईने मधे मॅनोजच्या पुडीबद्दलही विचारलं. तिच्या एका मैत्रिणीने सांगितलं होतं, रोज पाण्यात घालून घे, जंतू चिकटतच नाहीत. स्लाइडवरचा तो दुधट राहिलेला थेंब मी हजार वेळा पाहिला आहे, त्यामुळे यात तथ्य असावं असं मलाही मनापासून वाटत होतं. पण २०२४ मध्ये ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. वारंवार संसर्ग होणाऱ्या ५९८ स्त्रिया, सहा महिने रोज दोन ग्रॅम. मॅनोज घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या गटांत म्हणावा असा फरक निघाला नाही. स्लाइडवरचा थेंब आणि माणसाचं मूत्राशय यांत खूप अंतर आहे. मॅनोजला पुढे आणखी काही जोडून फिम-एचला शेकडो पटींनी घट्ट बसणारे रेणू तयार झाले आहेत, त्यांच्यावर काम चालू आहे आणि माझी आशा तिकडे आहे. आईला मी पुडी घेऊ नकोस असं म्हटलं नाही. चाचणीचे आकडे तिच्यासमोर ठेवले आणि डॉक्टरांना विचारूनच काय ते ठरव म्हटलं.

राहिला तिचा दुसरा प्रश्न. चिकटलेले असतात तर लघवीत कसे सापडतात?

मागच्या रविवारी मी तिला फोनवर जेलचा एक फोटो दाखवला. जेलमध्ये डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे होतात, प्रत्येक लांबीचा एक पट्टा, म्हणजे बँड, दिसतो, आणि लांब तुकड्याचा बँड वर राहतो. दिशा ओळखायची आमची पद्धत अशी. त्या तुकड्याभोवतीचा ५५९ जोड्यांचा भाग पीसीआरने वाढवायचा आणि एका विकराने कापायचा. हा विकर तुकड्याच्या आत एकाच जागी कापतो. तुकडा चालू दिशेला असेल तर ४८९ आणि ७० जोड्यांचे दोन बँड येतात. बंद असेल तर तीच जागा सरकते आणि ३५९ आणि २०० चे येतात. फोटोत एका रांगेत चारही बँड होते, कारण नमुन्यात दोन्ही प्रकारच्या पेशी होत्या. पण ३५९ चा ठळक होता आणि ४८९ चा जेमतेम दिसत होता.

"हा लघवीतला नमुना," मी म्हटलं. "लघवीत वाढताना लव बंदकडे झुकते, असं आढळलं आहे. आणि जे सुटलेले असतात तेच लघवीबरोबर बाहेर येतात."

तिने चष्मा लावून फोटो जवळ घेतला. "म्हणजे माझ्या रिपोर्टमध्ये मोजले ते सुटलेले?"

"बहुतेक तेच."

"आणि धरून बसलेले?"

धरून बसलेल्यांतले काही भिंतीच्या पेशींच्या आतही शिरतात. फिम-एचच त्यांना आत घेऊन जातं, आणि तिथे प्रतिजैविक नीट पोचत नाही. उंदरांत असे साठे आठवडेच्या आठवडे टिकलेले दिसले आहेत. स्त्रियांच्या लघवीतही भिंतीपासून गळून पडलेल्या पेशी सापडतात आणि त्यांतल्या काही पेशींच्या आत जिवाणूंचे पुंजके असतात. तिचा संसर्ग परत येतो तो यातूनच की दर वेळी आतड्यातून नव्याने, हे तिच्या रिपोर्टवरून मला सांगता येणार नाही, आणि तसं मी तिला सरळ सांगितलं. पण या सोमवारपासून आम्ही एक बदल केला आहे. आलेला प्रत्येक नमुना आधी सेंट्रिफ्यूजमध्ये हलक्या वेगाने फिरवतो. गळालेल्या पेशी तळाशी बसतात, सुटे जिवाणू वर राहतात. दोन्ही भागांचा डीएनए वेगवेगळा काढतो आणि जेलवर शेजारी शेजारी चढवतो.

हे ऐकून आईने फोन परत दिला आणि म्हणाली, "तळाच्या रांगेत वरचा बँड ठळक आला, तर त्याच दिवशी मला फोन कर."